डिस्चार्ज बुकात न चढलेली दोन मेडल्स

२०२१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाला पन्नास वर्षे झाली. स्वर्णिम विजय वर्षाच्या मशाली देशभर फिरत होत्या आणि ठिकठिकाणी १९७१ च्या सैनिकांचे सत्कार चालले होते. आमच्या तालुक्यातल्या सत्काराच्या यादीत माझ्या वडिलांचे, नानांचे, नाव नव्हते. १९७१ च्या डिसेंबरात नाना सीमेपलीकडे अँब्युलन्स चालवत होते. चौकशी केली तेव्हा कळले की यादी मेडल्सच्या नोंदींवरून केली आहे. नानांच्या डिस्चार्ज बुकात रक्षा मेडल होते, सैन्य सेवा मेडल होते, नऊ वर्षांच्या सेवेचे होते, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचेही होते. १९७१ च्या युद्धाची पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल मात्र नव्हती. ज्या युद्धाच्या गोष्टी ऐकत आम्ही भावंडे वाढलो, त्याचा कागदावर मागमूसही नव्हता.

नाना म्हणाले, "र्‍हाऊ दे गं. पेन्शन चालू हाय न्हवं?"

बहुतेक घरांत विषय इथेच संपतो. मोहिमेच्या मेडलमागे महिन्याला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे घरच्यांना घाई नसते आणि कार्यालयालाही नसते. पण माणूस कुठे लढला याची सरकारदरबारी असलेली साक्ष म्हणजे ही नोंद. उद्या त्याच्या जुन्या जखमेचा किंवा आजाराचा संबंध सेवेशी जोडायची वेळ आली, तर 'त्या तारखांना हा माणूस तिथे होता' हे सांगणारा कागद हवा असतो. आणि असे काही निघाले नाही तरी नोंद खरी असावी, हे कारण मला एकटेच पुरेसे वाटते.

नोंद का राहिली, हे शोधण्यातच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि खरी किल्लीही तिथेच सापडली. मेडल जवानाकडे आपोआप येत नाही. तो ज्या युनिटमध्ये असतो तिथला क्लार्क पात्र जवानांची यादी, म्हणजे नॉमिनल रोल, तयार करतो. मंजुरी मिळाली की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद करण्याचा लेखी आदेश, निघते. ती रेकॉर्ड ऑफिसात जाते, तिथे शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकावर, नोंद चढते, आणि माणूस घरी निघतो तेव्हा शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. या साखळीत सर्वांत कच्ची कडी अटॅचमेंटची. नानांची पलटण एका ठिकाणी होती. ड्रायव्हर म्हणून त्यांना काही महिन्यांसाठी एका वैद्यकीय युनिटबरोबर पूर्वेला पाठवले होते. पलटणीला वाटले की नाव तिकडून जाईल, तिकडच्यांनी ते पलटणीवर सोडले. लढाई संपल्यावर नाना परत आले, पुढे बदली झाली, आणि दोन्ही नॉमिनल रोलमध्ये त्यांचे नाव आले नाही. अटॅचमेंटवर असलेले, जखमी होऊन इस्पितळात गेलेले, युद्धासाठी रिझर्व्हमधून परत बोलावलेले, लगेच दुसर्‍या कोअरमध्ये बदली झालेले: नावे सुटतात ती अशांचीच. तुमच्या घरातले माजी सैनिक यांपैकी असतील तर डिस्चार्ज बुकातले मेडल्सचे पान जास्त बारकाईने वाचा.

रेकॉर्ड ऑफिसला केलेल्या आमच्या पहिल्या अर्जाला एका ओळीचे उत्तर आले की अभिलेखात अशी नोंद नाही. नोंद नाही म्हणूनच अर्ज केला होता. अशा उत्तरावर अनेक जण थांबतात. थांबू नये. त्या उत्तराचा अर्थ एवढाच असतो की समोरच्याने मेडल्सचे पान पाहिले, पोस्टिंगचे पाहिले नाही. 'मी युद्धात होतो' या वाक्यावर रेकॉर्ड ऑफिसला काहीच करता येत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा जवान अमुक युनिटबरोबर अमुक भागात होता, एवढे कागदाने दाखवले की त्यांना हलता येते.

तो कागद मिळवायचा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. २००५ च्या कायद्याखाली नानांनी स्वतःच्या शीट रोलची आणि १९७१-७२ मधल्या आपल्या नावाच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागितली. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डरने. अर्ज त्यांच्याच नावाने आणि सहीने केला, कारण मुलाने किंवा मुलीने मागितले तर 'दुसर्‍याची व्यक्तिगत माहिती' म्हणून नकार येऊ शकतो. सैनिक हयात नसतील तर पत्नीने अर्ज करावा आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरची, प्रत जोडावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करता येते, ते जरूर करावे. शीट रोल आला आणि त्यात अटॅचमेंटवर गेल्याची आणि परत आल्याची, दोन्ही ओळी निघाल्या. पन्नास वर्षे त्या तिथेच होत्या.

त्याला जोड म्हणून घरातली पत्रे काढली. आईने सगळी जपली होती. त्यांवर ९९ एपीओचा शिक्का होता, म्हणजे पूर्वेकडच्या फौजांच्या टपालाचा. पश्चिमेकडच्यांच्या पत्रांवर बहुधा ५६ एपीओ दिसतो. नुसत्या शिक्क्याने दावा सिद्ध होत नाही, पण शीट रोलमधल्या तारखांशी तो जुळला की वजन वाढते. तुमच्याकडची आंतर्देशीय पत्रे, मनीऑर्डरची कुपने, इस्पितळाचे कागद, पाठीवर तारीख असलेले फोटो, काहीही टाकू नका. साक्षीदार शोधणे जास्त अवघड. प्रतिज्ञापत्र अशा माणसाचे हवे जो त्या वेळी त्याच ठिकाणी होता. गावच्या सरपंचाचे किंवा नंतर भेटलेल्या मित्राचे उपयोगी पडत नाही. नानांबरोबर गाडीवर असलेला सोबती सापडला, तेव्हा त्याला बोलणे जड जात होते, तरी तारखा बिनचूक आठवत होत्या. त्या लढाईतले तरुणातले तरुण जवानही आज सत्तरीच्या पुढे आहेत. या कामात उशीर महाग पडतो तो याच ठिकाणी.

दुसरा धोका कागदांचाच. पेन्शनीवर न गेलेल्या जवानांची सेवा-कागदपत्रे डिस्चार्जनंतर पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. त्यानंतर रेकॉर्ड ऑफिसात उरतो तो लाँग रोल, त्यात नाव, नंबर, भरती आणि डिस्चार्ज एवढीच जुजबी माहिती. थोडी वर्षे नोकरी करून पेन्शनशिवाय परतलेल्यांच्या घरी असलेले डिस्चार्ज बुक हाच मग मुख्य पुरावा. ते फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नका, आधी रंगीत स्कॅन करून ठेवा.

पुरावे जमले की रेकॉर्ड ऑफिसला करायच्या अर्जात दोन मागण्या स्वतंत्रपणे लिहा: राहिलेल्या मेडलची पार्ट टू ऑर्डर काढून शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद करावी, आणि प्रत्यक्ष मेडल द्यावे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काहींकडे मेडल असते आणि नोंद नसते, काहींचे उलटे असते. छावणीच्या बाजारातून विकत घेऊन छातीवर लावलेले मेडल पुरावा होत नाही. सरकारी मेडलवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, आणि तसे ते तुमच्याकडे असेल तर त्या कोरीव मजकुराचा स्पष्ट फोटो अर्जाला जोडा. शौर्य पदकाचा विषय या अर्जात मिसळू नका. शौर्य पदके भारताच्या राजपत्रात जाहीर होतात, तिथे प्रश्न राजपत्रातले नाव शोधण्याचा असतो. 'वडिलांना खरे तर वीरचक्र मिळायला हवे होते' हे वाक्य मनात कितीही खरे असले तरी मोहिमेच्या मेडलचा सरळ अर्ज ते अडकवून ठेवते.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा. आमच्याकडचे जुने लोक त्याला अजून सोल्जर बोर्डच म्हणतात. तिथले पत्र जोडलेले असले की रेकॉर्ड ऑफिस उत्तर देते, आणि तिथल्या लोकांना कुठल्या रेजिमेंटचा पत्ता कुठला हे ठाऊक असते. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या अर्जाबरोबर कधीही देऊ नका. नोंद चढवण्यासाठी लेखी मागणी आली, तरच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. मेडल काढून देतो म्हणून हजारो रुपये मागणारी माणसे कचेर्‍यांच्या बाहेर भेटतात. या कामात असा एकही टप्पा नाही जो त्यांच्यावाचून अडेल. रेकॉर्ड ऑफिसने कारण देऊन लेखी नकार दिला, तर वरच्या कार्यालयाकडे निवेदन करता येते आणि शेवटी २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून नकाराच्या पत्राचे पाकीटही तारखेसाठी ठेवा.

नंबर आणि नावाकडे आधीच लक्ष द्या. मराठी आडनावे हिंदी उच्चारावरून इंग्रजीत लिहिली गेली. जाधवांचे यादव झाले, वडिलांचे नाव गळाले. एका कोअरमधून दुसरीत गेलेल्यांचे नंबरही बदलले. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार यांत फरक असेल तर तो अर्जातच मांडा, जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहा. नानांना बायकामुलांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण नंबर झोपेतून उठवले तरी शेवटच्या अक्षरासकट सांगतात. बहुतेक जवानांचे असेच असते. त्यांनाच विचारा.

नानांच्या बुकात आता पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्हींची नोंद आहे, खाली पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख आहे. तो क्रमांक नसलेली नोंद स्वीकारू नका, पुढे तिचा माग काढता येत नाही. मेडल हातात आले की पोचपावतीवर सही करण्याआधी त्यावरचा नंबर बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा, चूक असेल तर त्याच वेळी परत करा. मग नव्या नोंदीच्या पानाची प्रत सैनिक कल्याण कार्यालयात द्या, म्हणजे त्यांच्याकडच्या नोंदीतही दुरुस्ती होईल. पुढची यादी तिथूनच निघते.