धुक्यातला दिवा

[धुक्यात गाडी चालवण्यासाठी काही गाड्यांना खास दिवे असतात. ते केव्हा लावावेत आणि केव्हा बंद करावेत, हे या पाठात सांगितले आहे. घाटातला एक प्रवास डोळ्यांसमोर आणून पाठ वाचा.]

मुलांनो, तुम्ही पावसाळ्यात घाटातून प्रवास केला आहे का? केला नसेल, तर आज मनाने करू या.

समजा, जुलै महिना आहे. जुन्नरला तुमच्या खालाच्या घरी लग्न आहे. तुम्ही चाचांच्या गाडीतून दुपारी कल्याणहून निघाला आहात. अम्मी आणि दादी मागे बसल्या आहेत. तुम्ही पुढे, चाचांच्या शेजारी, पट्टा लावून बसला आहात. मुरबाड मागे पडते. दिवस मावळू लागतो. गाडी माळशेज घाट चढू लागते आणि बघता बघता समोरचा डोंगर नाहीसा होतो. मग झाडे नाहीशी होतात. मग पुढचे वळणही दिसत नाही. सगळीकडे पांढरेच पांढरे! हे धुके.

घरी तुम्ही याला ‘धुंद’ किंवा ‘कोहरा’ म्हणता. मराठीत मात्र ‘धुंद’ म्हणजे नशेत किंवा आनंदात बेभान झालेला. म्हणून मराठी बोलताना ‘बाहेर धुके आहे’ असे म्हणा.

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिशय बारीक थेंब. घाटात तर आपण बहुतेक वेळा ढगातूनच जात असतो. नजर १ किलोमीटरपर्यंतही पोहोचत नसेल, तर हवामानशास्त्र त्या स्थितीला धुके म्हणते. २०० मीटरच्या पलीकडचे दिसत नसेल, तर ते दाट धुके. ५० मीटरच्या पलीकडचेही दिसत नसेल, तर ते अतिदाट धुके.

तुम्ही म्हणता, “चाचा, मोठा दिवा लावा ना! दूरचे दिसेल.” चाचा क्षणभर अपर लाईट लावून दाखवतात. काय होते? समोर पांढरी भिंत उभी राहते! आधी जेवढे दिसत होते, तेवढेही दिसेनासे होते.

असे का झाले? धुक्याचा प्रत्येक थेंब प्रकाश इकडेतिकडे उधळतो. त्यातला काही प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. दिवा जितका प्रखर आणि जितका सरळ समोर, तितकी ती भिंत अधिक पांढरी. म्हणून धुक्यात अपर नव्हे, डिपर लावावा. दिवसा धुके असले तरीही डिपर लावावा. आपल्याला रस्ता दिसावा एवढाच त्याचा उपयोग नाही. आपण इतरांना दिसावे, हाही त्याचा उपयोग आहे.

आता चाचा आणखी एक बटण दाबतात. समोरच्या फळीवर एक लहानशी हिरवी खूण उजळते. हे गाडीच्या पुढचे धुक्याचे दिवे, म्हणजेच फॉग लाईट. ते हेडलाईटच्या खाली, जमिनीच्या जवळ बसवलेले असतात. त्यांचा प्रकाश पंख्यासारखा रुंद पसरतो. पण वर जात नाही. त्यामुळे डोळ्यांसमोरचे धुके फारसे उजळत नाही. गाडीजवळचा रस्ता, कडेची पांढरी पट्टी आणि दरीकडचा कठडा मात्र स्पष्ट दिसतो.

“धुक्याचा दिवा पिवळाच हवा, पिवळा प्रकाश धुके चिरून जातो,” असे पुष्कळ लोक सांगतात. हे खरे नाही. हवेतले अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त उधळतात, म्हणून आकाश निळे दिसते. पण धुक्याचे थेंब त्या कणांहून फार मोठे असतात. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतात. म्हणूनच धुके पांढरे दिसते. तेव्हा दिव्याचा रंग महत्त्वाचा नाही. दिवा खाली बसवलेला असावा आणि त्याचा प्रकाश खालीच राहावा, हे महत्त्वाचे.

दुसरा गैरसमज याहून धोक्याचा आहे. धुक्याचा दिवा लावला, की काही चालकांना वाटते, आता वेग वाढवायला हरकत नाही. थोडे गणित करा. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर जाते. समोर ५० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर एखादी वस्तू दिसल्यापासून तिच्यापर्यंत पोहोचायला फक्त अडीच सेकंद लागतात. त्यातला सुमारे एक सेकंद चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. ओल्या रस्त्यावर गाडी ५० मीटरच्या आत थांबत नाही. तीच गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर ३० मीटरच्या आत थांबू शकते. दिव्याने धुके कमी होत नाही. धुक्यात वेगच कमी करावा लागतो.

काही गाड्यांना मागेही धुक्याचा एक लाल दिवा असतो. मागचा नेहमीचा लाल दिवा दाट धुक्यात चटकन दिसत नाही. हा दिवा त्याच्याहून खूप प्रखर असतो. त्यामुळे मागून येणाऱ्याला आपली गाडी वेळेवर दिसते. हा दिवा लावला, की समोरच्या फळीवर पिवळसर खूण उजळते. पण धुके नसताना हाच दिवा घातक ठरतो. मागच्या चालकाचे डोळे दिपतात. शिवाय तो ब्रेकच्या दिव्याएवढाच तेजस्वी असतो. मग पुढच्या गाडीने ब्रेक लावला की नाही, हे मागच्याला लवकर कळत नाही.

काही चालक धुक्यात चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण मग गाडी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला समजत नाही. ती खूण थांबलेल्या किंवा बिघडलेल्या गाडीसाठी ठेवावी.

चला, आपल्या प्रवासाकडे वळू. घाट संपतो. धुके विरळ होत जाते आणि मग नाहीसेच होते. आता अंधार पडला आहे, पण हवा स्वच्छ आहे. एका बाजूला पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी अंधुक दिसते. चाचा दादींशी लग्नाच्या गोष्टी बोलत आहेत. समोरून मोटारसायकलवर दुधाचे कॅन बांधून एक माणूस येतो. गाडी जवळ येताच तो एक हात डोळ्यांवर धरतो. त्याची मोटारसायकल क्षणभर कडेच्या चिखलाकडे झुकते, पण तो कसाबसा सावरतो आणि निघून जातो.

तुमची नजर समोरच्या फळीवर जाते. ती हिरवी खूण अजून उजळलेलीच आहे!

धुक्याच्या दिव्याचा प्रकाश तर खाली असतो. मग त्या माणसाचे डोळे कसे दिपले? रस्ता ओला होता. ओला रस्ता आरशासारखे काम करतो आणि खालचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांवर फेकतो. डोळे दिपले, की पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात. वय जास्त असेल, तर आणखी वेळ लागतो. तेवढ्या वेळात मोटारसायकल खड्ड्यात जाऊ शकते. कडेने चालणारे एखादे मूल तिच्यासमोर येऊ शकते.

नुकसान चाचांचेही आहे. गाडीजवळचा रस्ता फार उजळला, की डोळ्यांना त्या उजेडाची सवय होते. मग दूरचा अंधार अधिकच काळा वाटतो. म्हणजे स्वच्छ हवेत धुक्याचा दिवा लावणारा चालक स्वतःही दूरचे कमीच पाहतो. काही जण तर केवळ शोभेसाठी जादा दिवे बसवून घेतात आणि ते वर रोखून ठेवतात. अशा दिव्यांनी रस्ता उजळत नाही. समोरून येणारा आंधळा होतो.

आता तुम्ही काय कराल? चाचा वयाने मोठे. ते बरीच वर्षे गाडी चालवतात. त्यांना सांगायला संकोच वाटेल. तरी गप्प बसू नका. अदब सोडू नका आणि खरी गोष्टही सोडू नका. हळूच म्हणा, “चाचा, धुके गेले. तो दिवा आता बंद करायचा ना?” चाचा रागावणार नाहीत. “अरे, विसरलोच की!” असे म्हणून ते बटण दाबतील. पुढच्या वळणावर समोरून येणाऱ्याला त्रास होणार नाही. तुमचे नावही त्याला कधी कळणार नाही.

काही देशांत याबाबत कडक नियम आहेत. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासून वापरात आलेल्या गाड्यांना मागचा धुक्याचा दिवा सक्तीचा आहे. पण साधारण १०० मीटरपलीकडचे दिसत नसेल तेव्हाच धुक्याचे दिवे लावावेत आणि दिसू लागताच ते बंद करावेत, असाही तेथील नियम आहे. जर्मनीत मागचा दिवा धुक्यामुळे ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच लावता येतो. मग वेगही ताशी ५० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. तेथे महामार्गांच्या कडेला साधारण ५० मीटरवर एकेक खांब असतो. पुढचा खांब दिसतो की नाही, हे पाहून चालक अंतर ओळखतो. आपल्याकडेही अनेक रस्त्यांवर किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरवर लहान दगड असतात. पुढच्या प्रवासात ते शोधा.

मुलांनो, काही वर्षांनी तुमच्यापैकी अनेकांच्या हाती गाडी येईल. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा : दिवा लावणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर बंद करणे महत्त्वाचे. आपल्या दिव्याने आपल्याला रस्ता दिसावा. पण त्यामुळे दुसऱ्याची वाट अंधारू नये.

शब्दार्थ
नाहीसे होणे – दिसेनासे होणे
उधळणे – चारी दिशांना फेकणे
कठडा – रस्त्याच्या कडेची आधाराची भिंत
डोळे दिपणे – तीव्र प्रकाशामुळे काही न दिसणे
विरळ – पातळ, दाट नसलेले
संकोच – बोलायला वाटणारी लाज

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दाट धुके कशाला म्हणतात?
(आ) धुक्याचे पुढचे दिवे कोठे बसवलेले असतात?
२. कारणे लिहा.
(अ) धुक्यात अपर लाईट लावू नये.
(आ) मोटारसायकलवाल्याने डोळ्यांवर हात धरला.
३. ‘धुके’ आणि ‘धुंद’ हे शब्द वापरून मराठीत एकेक वाक्य लिहा.
४. गणित करा : ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाते?
५. मोठ्या माणसाची चूक तुम्ही अदबीने कशी सांगाल? पाच-सहा वाक्यांत संवाद लिहा.