निम्मा हिशेब तुझा आहे, बाय

बाय, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सीझन चांगला गेला, खोल्या भरलेल्या होत्या, तरी जूनमध्ये मुलांच्या फीसाठी अंगठी गहाण ठेवावी लागली." पैसा कमी पडतो असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या घरात पैसा येतो. तो कुठून येतो, कुठे जातो, कुठला कागद कुणाच्या नावावर आहे, हे सगळं एकट्या तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात आहे. तो कष्टाळू आहे, सरळ आहे, पण त्याच्याही डोक्यात ते नीट लावलेलं नाही. आणि तू विचारत नाहीस.

खर्च लिहून ठेव, काटकसर कर, असं तुला दहा जणांनी सांगितलं असेल. ते नंतर. आधी कागद काढ. एखाद्या रविवारी दुपारची जेवणं आटपली की कपाटाच्या लॉकरमधले, टीव्हीखालच्या खणातले, फ्रिजवर ठेवलेले, देवघरामागच्या पिशवीतले, सगळे वसरीवर पसर. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, पाण्याचं बिल, गाडीचा विमा, एलआयसीच्या पॉलिसी, बँकेची पासबुकं, मुलांचे जन्मदाखले, तुमच्या लग्नाच्या सह्यांचा दाखला, खोल्यांची पर्यटन खात्याकडची नोंदणी. वीजबिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर येत असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस, गोव्यात अर्ध्या घरांत तेच असतं. तुझं पॅन लग्नानंतरच्या नावाचं आणि आधार माहेरच्या नावाचं असेल, तर ते दुरुस्त करणं हे पहिलं काम. या एका नावाच्या फरकापायी बायकांचे किती अर्ज परत येतात, त्याला गणती नाही.

कागद पसरशील तेव्हा सासूबाईंना बाजूला बसव. हे मी मुद्दाम सांगते. जमिनीच्या वन-फोर्टीनचा उतारा हातात धरलास तर तुला दिसेल सर्व्हे नंबर, पोटविभाग, क्षेत्रफळ आणि कब्जेदारांच्या रकान्यात सात-आठ नावं, त्यातली निम्मी वारलेल्या माणसांची. तुझ्या नवऱ्याला त्यातली दोन-तीन ओळखता येतील. सासूबाईंना सगळी येतील. मोरडातला तुकडा कुठला, खाजनातला कुठला, मेरेवरचा फणस कुणी लावला, मुंबईला गेलेल्या चुलत्याचा वाटा तोंडी सोडलेला की कागदावर, कुळाची नोंद कुणाच्या नावे आहे, हे त्यांच्याइतकं मामलेदार कचेरीलाही ठाऊक नसतं. त्या बोलतील तसं वहीत लिहून घे, प्रत्येक सर्व्हे नंबरासमोर. सासू-सुनेचं कशावरून काय असेल ते असो, त्या दुपारी तुम्ही दोघी एका बाजूला असाल. ही माहिती त्यांच्याबरोबर गेली की मग वकिलाच्या दारात बसायची वेळ येते.

आता मुख्य गोष्ट सांगते. आपल्याकडे पोर्तुगीज काळातला १८६७ चा नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो, हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्याने आपल्या हातात काय दिलंय ते उघडून बघत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, आणि आपल्याकडे तो फारसा कुणी करत नाही, तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते. त्याने कमावलेलं, त्याला वाडवडिलांकडून मिळालेलं, तुला माहेरून आलेलं, सगळं मिळून एक, आणि त्यात निम्मा वाटा तुझा. तो वाटा मागावा लागत नाही. तो आहेच. म्हणूनच जमीन विकताना तुझी सही लागते. माहेरच्या जमिनीचा व्यवहार झाला तर दादाबरोबर तुझी लागेल, आणि तुझ्या नवऱ्याचीही.

आणि आपण काय करतो? सही कर म्हटलं की सही करतो. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीच्या दलालांची ये-जा किती वाढली ते तू रोज बघतेस. तुझ्या ओट्यावर येऊन चहा पिऊन जाणारा माणूस उद्या कागद पुढे करील आणि म्हणेल, फक्त एनओसी आहे, वहिनी. त्या दिवशी तुला सर्व्हे नंबर पाठ असायला हवा. कागद इंग्रजीत असला तर दोन दिवस घरी ठेवून घे. समोरचा घाई करत असेल तर चार दिवस ठेव. तुझ्या सहीशिवाय तो व्यवहार पुढे सरकत नाही, ही जागा कायद्याने तुला दिलीय. ती आंधळेपणाने देऊन टाकू नकोस.

प्राप्तिकरातही हेच आहे. आपल्या नागरी कायद्याखालच्या नवरा-बायकोंसाठी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ५ए हे वेगळं कलम घातलं गेलं. पगार ज्याचा त्याचा, पण भाडं, व्याज, धंद्याचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरायचं. म्हणजे खोल्यांचं उत्पन्न एकट्या नवऱ्याच्या विवरणपत्रात जात असेल तर ते चुकीचं आहे, आणि कदाचित कर जास्त भरला जात असेल. पेडण्यातला किंवा म्हापशातला कुठलाही जाणता सीए हे तुला पाच मिनिटांत समजावून देईल. त्याच्याकडे तू स्वतः जा. नवऱ्याबरोबर जा, पण जा.

नॉमिनीचंही एकदा नीट समजून घे, कारण यात फार जणी फसतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण हक्क वारसाचाच. आपल्याकडे विधवेचं निम्मं तिचं स्वतःचं, आणि नवऱ्याच्या निम्म्यात मुलांचा वाटा, मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्र केलं तरी आपल्या वाट्याच्या अर्ध्यापुरतंच मनासारखं करता येतं, बाकीचं मुलांपासून काढून घेता येत नाही. नॉमिनीचं नाव मात्र भरलेलं असायलाच हवं, म्हणजे निदान धावपळ वाचते. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून सासूबाईंचं नाव असेल, तेही बघून घे. जुनी पासबुकं सापडली तर फेकू नकोस. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, पण त्या वारसाला परत मिळतात. शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ आहे. सासऱ्यांचं नाव टाकून एकदा बघच.

कागद एका जागी आणायचे, पैसा मात्र एका जागी ठेवायचा नाही. म्हापसा अर्बन बँकेचं आठवतंय ना? २०१५ पासून निर्बंध होते आणि एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने परवानाच रद्द केला. बार्देश, पेडणे, डिचोली, सगळीकडच्या लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी तिथे होत्या. ठेवींवरचं विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसामागे, व्याज धरून, पाच लाखांपर्यंत असतं. त्याच्या आत राहून दोन बँकांत ठेव. तीन-चार ठिकाणी पांगवू नकोस, मग पुन्हा कशाचा कशाला मेळ राहत नाही.

आता येऊ या जूनच्या फीकडे. तुमचं उत्पन्न ऑक्टोबर ते मे. खर्च मात्र बारा महिने, आणि सगळ्यात मोठे खर्च नेमके पावसात: शाळा, छप्पर, आजारपण, मागोमाग गणपतीची चवथ. आपल्या आईने हे कोडं कधीच सोडवलं होतं, फक्त पैशात नव्हे. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करायला जायची. कांद्याच्या माळा, सुक्या मिरच्या, चिंचेचे गोळे, सोलं, खारे बांगडे, सुकी सुंगटं. घरी आणून प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. ऑगस्टच्या मुसळधार पावसात मासळी नसली तरी तिच्या घरात आमटीला वास होता. आणि आषाढासाठी ठेवलेल्या बरणीला ज्येष्ठात ती कुणाला हात लावू देत नसे. पैशाचंही अगदी तसंच पुरुमेत कर. सीझनमध्ये दर आठवड्याला जे येईल, त्यातला ठरलेला भाग वेगळ्या खात्यात टाक. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नकोस. जूनपासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिथून घरखर्चाची एक ठरावीक रक्कम, पगार आल्यासारखी, आपल्या रोजच्या खात्यात घे. ही एक सवय लागली तर निम्मी चणचण संपेल.

मी इतकं ठासून सांगते, कारण मी डिचोलीत राहते आणि खाणी बंद पडलेल्या पाहिल्यात. सप्टेंबर २०१२ मध्ये सगळं एकदम थांबलं. ट्रक रांगेने उभे. ज्यांच्या दारात दोन-दोन ट्रक, त्यांच्या डोक्यावर दोन-दोन कर्जं. गॅरेज, टायरवाले, चहाची टपरी, सगळ्यांचंच उत्पन्न एका लाल धुळीवर होतं. नंतर थोडं सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा मार्चपासून पुन्हा ठप्प. त्या काळात कोण तरलं ते मी जवळून बघितलंय. ज्या घरात बाईला हप्ता किती, बाकी किती, शिल्लक किती हे ठाऊक होतं, तिथे दुसऱ्याच महिन्यात एक ट्रक विकायचा निर्णय झाला, दर बरा मिळाला. जिथे तिला काही सांगितलंच नव्हतं, तिथे बँकेची माणसं दारात आल्यावर कळलं. तुमच्याकडे आज पर्यटक आहेत, विमानतळ आहे. तिकडच्या तेजीला मी नावं ठेवत नाही. पण एकाच गोष्टीवर उभं असलेलं घर कसं हलतं, ते इकडे दिसलंय.

आणि एक. एका वर्षी एकच मोठं काम. तुझ्या बोलण्यात मला चार ऐकू आली: छप्पर, नवी गाडी, आणखी एक खोली, मुलीचं पुढचं शिक्षण. चारही बरोबर आहेत, पण चारही एकदम नाहीत. मी असते तर आधी छप्पर केलं असतं, कारण गळक्या छपराखाली भाडेकरूही राहत नाही आणि मुलगीही अभ्यास करू शकत नाही. तुम्ही दोघांनी बसून ठरवा, आणि ठरलेलं बाकीच्यांना सांगा, सासूबाईंना, मुलांना. मुलांना घरचा हिशेब कळल्याने ती घाबरत नाहीत. उलट फालतू हट्ट आपोआप कमी होतात.

चवथीत मात्र हात आखडू नकोस. माटोळी भरगच्च बांध, नेवऱ्या पोटभर कर, माणसं बोलव. त्यासाठी जानेवारीपासून महिन्याला थोडे बाजूला टाकलेस की झालं. पोस्टातलं आवर्ती खातं महिना शंभर रुपयांपासून उघडतं, पण त्याची मुदत पाच वर्षांची, म्हणून चवथीसाठी बँकेतलं कमी मुदतीचं बरं. गृह आधार योजनेचे महिन्याचे दीड हजार येत असतील तर ते घरखर्चात विरघळू देऊ नकोस. ते तुझ्या नावाने येतात, तुझ्याच नावाच्या ठेवीत जाऊ देत.

नवऱ्याला हे कसं सांगायचं, याची तुला धास्ती वाटत असेल. हिशेब दाखव, असं म्हणू नकोस. त्याला वाटेल, आपल्यावर संशय घेते. "मला सांगून ठेवा, उद्या तुम्ही गावात नसलात तर मी कुणाला विचारू?" एवढंच म्हण. बहुतेक पुरुषांना हे ओझं एकट्याने वाहायचा कंटाळाच आलेला असतो, कुणी विचारलेलं नसतं इतकंच. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री जेवणानंतर, वही घेऊन अर्धा तास. भांडण झालं तरी वही बंद करून झोपा, पण पुढच्या रविवारी पुन्हा बसा.

फाइल तयार झाली की तिचे फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवत बसू नकोस, असे कागद फोनवर फिरवायचे नसतात. चवथीनंतर तू माहेरी येशील तेव्हा घेऊन ये, आपण एकत्र वाचू. आणि त्याच वेळी बाबांच्या कागदांनाही हात घालू, दादाला मी बोलून ठेवलंय. वहिनीलाही शेजारी बसवायचं. उद्या त्या कागदांवर तिची सही लागणारच आहे, तर तिने ते आधी वाचलेले बरे.