घटक ४ : क्षेत्रफळाकडून बाजूकडे : ‘चौरस’, ‘वर्ग’ आणि ‘मूळ’

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• ‘चौरस फूट’ आणि ‘फूट चौरस’ यांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• क्षेत्रफळावरून चौरसाची बाजू काढता येईल व ती रीत मराठीत मांडता येईल.
• ‘वर्गमूळ’ या संज्ञेची घडण सांगता येईल.

४.१ प्रस्तावना
पनवेल तालुक्यात जमिनीविषयीची मराठी एकाच वेळी अनेक मापांत बोलते. बोलण्यात गुंठा असतो, सातबाऱ्यावर हेक्टर-आर, भूखंडाच्या कागदावर चौरस मीटर आणि सदनिकेच्या जाहिरातीत चौरस फूट. हे सर्व शब्द क्षेत्रफळ सांगतात; जमिनीच्या कडेची लांबी सांगत नाहीत. कुंपण मात्र कडेनेच घालावे लागते. म्हणून क्षेत्रफळाकडून बाजूकडे कसे जावे, हे व्यावहारिक मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असले पाहिजे.

४.२ शब्दक्रम आणि अर्थ
‘चौरस’ हा शब्द संस्कृत ‘चतुरस्र’ म्हणजे ‘चार कोन असलेला’ यावरून आला आहे. पुढील दोन रचना पाहा.
(अ) शंभर चौरस फूट जागा
(आ) शंभर फूट चौरस जागा
(अ) मध्ये ‘चौरस’ हे ‘फूट’ या मापाचे विशेषण आहे. येथे क्षेत्रफळ १०० चौरस फूट असून जागा चौरसाकृती असेल तर बाजू १० फूट येते. (आ) मध्ये ‘चौरस’ हे जागेच्या आकाराचे विशेषण आहे. येथे बाजू १०० फूट आणि क्षेत्रफळ १०,००० चौरस फूट. शब्द तेच, क्रम बदलताच जागा शंभरपट होते. दस्तऐवजात (आ) सारखी रचना टाळावी आणि ‘१०० फूट × १०० फूट’ असे लिहावे.

४.३ बाजू कशी काढावी?
चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे बाजू गुणिले बाजू. म्हणून ज्या संख्येला तिनेच गुणले असता दिलेले क्षेत्रफळ मिळते, ती संख्या म्हणजे बाजू.

उदाहरण : एका गुंठ्याचे क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट असते. तेवढ्या चौरसाची बाजू किती?
३० चा वर्ग ९००, ४० चा वर्ग १,६००. म्हणून बाजू ३० व ४० यांच्या दरम्यान आहे. १,०८९ चा शेवटचा अंक ९ असल्याने बाजूचा शेवटचा अंक ३ किंवा ७ असू शकतो. १,०८९ ही संख्या ९०० ला अधिक जवळ आहे, म्हणून आधी ३३ तपासू. ३३ × ३३ = १,०८९. बाजू ३३ फूट.

आता दोन गुंठ्यांचा चौरस घेऊ. बाजू ६६ फूट येईल असे वाटते. पण ६६ फूट बाजूचा चौरस चार गुंठ्यांचा असतो. २,१७८ चे वर्गमूळ सुमारे ४६.६७ आहे. क्षेत्रफळ दुप्पट झाले की बाजू दुप्पट होत नाही, सुमारे १.४१४ पट होते. शुल्बसूत्रांत या लांबीला ‘द्विकरणी’ म्हणजे ‘दुप्पट (क्षेत्र) करणारी’ असे नाव आहे. मूळ चौरसाचा कर्ण तो हाच.

४.४ ‘वर्गमूळ’ : संज्ञेची घडण
‘वर्गमूळ’ हा षष्ठी तत्पुरुष समास आहे : वर्गाचे मूळ. ‘वर्ग’ शब्दाला मराठीत शाळेचा वर्ग, समाजातील वर्ग, वर्णमालेतील ‘क’-वर्ग असे अनेक अर्थ आहेत. ‘रक्कम वर्ग करणे’ हा आणखी एक. गणितात मात्र त्याचा एकच नेमका अर्थ घ्यायचा असतो. ही संज्ञा जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’त वर्गमूळ काढण्याची रीत दिली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) ती आहे. बाजू हे मूळ आणि क्षेत्रफळ हा त्यातून झालेला विस्तार, ही कल्पना या संज्ञेत सामावलेली आहे.

४.५ दोन सावधगिऱ्या
पहिली आकाराची. क्षेत्रफळ सांगितले म्हणजे आकार सांगितला असे होत नाही. ३३ × ३३ फूट जागाही एक गुंठा आणि ११ × ९९ फूट पट्टीही एक गुंठाच. पहिलीला १३२ फूट कुंपण लागते, दुसरीला २२० फूट. म्हणून ‘जागा चौरसाकृती असेल तर’ ही अट वाक्यातून गाळू नये.

दुसरी मापाची. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्याच्या चौरसाची बाजू १० मीटर, म्हणजे सुमारे ३२.८ फूट. गुंठ्याची बाजू ३३ फूट. फरक किरकोळ दिसतो, म्हणून बोलताना ‘आर’ला सर्रास ‘गुंठा’ म्हटले जाते. पण एकराचे ४० गुंठे ४० आर मानले, तर सुमारे ५०० चौरस फूट जागा हिशेबातून निसटते.

४.६ सारांश
क्षेत्रफळाचे वर्गमूळ म्हणजे चौरसाची बाजू. ते काढण्यापूर्वी माप कोणते, ‘चौरस’ हे कशाचे विशेषण आणि जागा खरोखर चौरसाकृती आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे भाषेच्या नेमक्या वाचनातून मिळतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. सातबाऱ्यावर ४ आर क्षेत्र आहे. जमीन चौरसाकृती असल्यास बाजू किती मीटर?
२. ‘वीस फूट चौरस खोली’ आणि ‘वीस चौरस फूट खोली’ यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
३. आपल्या घरातील एखाद्या कागदावरील क्षेत्रफळाचा उल्लेख घेऊन त्यातून कोणती माहिती मिळते व कोणती मिळत नाही, ते लिहा.

उत्तर : १. २० मीटर. २. पहिल्या खोलीची बाजू २० फूट, म्हणजे क्षेत्रफळ ४०० चौरस फूट. दुसरीचे क्षेत्रफळच २० चौरस फूट.