कीबोर्डवर राग येईल का?

प्रश्न : आम्ही नोकरीमुळे चेन्नईत, मैलापूरला राहतो. अकरा वर्षांच्या मुलीला कीबोर्ड शिकायचाय. विजेच्या वाद्यावर शास्त्रीय संगीत येतच नाही, असं शेजारी सांगतात. काय करावं?
– एक आई, चेन्नई

उत्तर : ताई, तुमच्याच शहरात मँडोलिन यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी हा समज खोटा ठरवला. साध्या मँडोलिनवर स्वर लगेच विरतो, गमक (स्वराचं डोलणं) ऐकूच येत नाही. त्यांनी इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं, जोडतारांऐवजी पाच एकेरी तारा लावल्या आणि त्यावर कर्नाटक संगीताच्या मैफली गाजवल्या.

कीबोर्डच्या पट्ट्यांवर मात्र मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) येत नाही, हे खरं. ‘पिच बेंड’ चाकाने ती साधता येते, पण ते नंतरचं काम. आधी प्रत्येक अलंकार गाऊन मगच वाजवायला लावा. कान तिथेच तयार होतो. ६१ पट्ट्यांचा, बोटांच्या जोरानुसार आवाज बदलणारा कीबोर्ड सुरुवातीला पुरे. तयार ताल आणि ‘ट्रान्सपोज’चं बटण पहिलं वर्षभर बंदच ठेवा. हेडफोनचा आवाज कमी हवा. समुद्राची दमट हवा वाद्याला बाधते, म्हणून वाजवून झालं की झाकून ठेवा.