बंदिवान स्त्रियांचे आरोग्य

गोरेगावाकडील एखादी स्त्री खटल्यात सापडून भंडारा किंवा नागपूर येथील तुरुंगात गेली, म्हणजे गावाचा तिच्याशी संबंध बहुधा तुटतो. नवरा कैदेत असता बायको भेटीस जाते. बायको कैदेत असता कोण जातो? अशा वेळी तिच्या प्रकृतीची पहिली विचारपूस करणारी डॉक्टर नसून तिच्याच बराकीत निजणारी दुसरी बंदिवान स्त्री असते. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, रात्री झोप न लागणे, ह्या गोष्टी ती लाजेने वरिष्ठांपुढे बोलत नाही. शेजारणीस मात्र सांगते. ह्यास्तव त्या शेजारणीसच शिकवून तयार करावे, हे ह्या कामाचे मर्म होय.

ही रीत जुनी आहे. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात १८१७ साली एलिझाबेथ फ्राय ह्या बाईंनी बंदिवान स्त्रियांचे लहान गट करून प्रत्येक गटावर त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमली, आणि नियम ठरविताना त्या स्त्रियांची संमती घेतली.

शिकवावयाचे फार नाही. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकीची तपासणी मागावी. क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून मध्येच सोडल्यास पुढे रोग औषधास जुमानत नाही. खरूज झाल्यास जवळ निजणाऱ्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा. सोबतिणीने स्वतः औषध ठरवू नये, आणि विश्वासाने ऐकलेले बराकीत पसरवू नये. ही दुसरी अट पहिलीहून कठीण आहे!

ऐकणारी मिळाली तर काय घडते, ते मुंबईत दिसले. पत्रकार शीला बारसे ह्यांनी १५ बंदिवान स्त्रियांच्या भेटी घेतल्या. त्यांपैकी ५ जणींनी पोलीस कोठडीत आपणांस मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे ह्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री शिपायांचाच पहारा असावा असा आदेश दिला. परंतु इतरांसाठी बोलणे निर्धोक नाही. भायखळ्याच्या तुरुंगात जून २०१७ मध्ये एक बंदिवान वॉर्डन मरण पावली. अन्न कमी आल्याची तक्रार केल्यावरून तिला मारहाण झाली, असा आरोप होऊन सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला भरण्यात आला. सोबतीण नेमावयाची तर तिच्या तक्रारीस तुरुंगाबाहेरील कोणी वाली असला पाहिजे.

गावकऱ्यांकडेही काम आहे. भेटीस जाताना तिचे पूर्वीच्या उपचाराचे कागद न्यावेत. ती सुटून येईल तेव्हा, चालू औषधाची चिठ्ठी घेऊन, तिला दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पोहोचवावे.