मेसेज 'गेला' म्हणजे 'पोचला' नव्हे : सोसायटीच्या मेसेज सेवेवर नजर कशी ठेवायची?



मागच्या हंगामात एका संध्याकाळी जोरदार वाऱ्याचा इशारा आला. आम्ही लगेच सगळ्या सभासदांना मेसेज सोडला. स्क्रीनवर 'सबमिटेड' दिसलं, आम्ही निर्धास्त घरी गेलो. सकाळी जेटीवर आलो तर लोक विचारतात, "कसला मेसेज?" दोन बोटी पहाटेच निघून गेल्या होत्या. वायरलेसवरून त्यांना परत बोलावलं. देवाच्या कृपेने माणसं सुखरूप आली.

चूक आमची होती. मंजूर करून घेतलेल्या मजकुरातला एक शब्द आम्ही घाईत बदलला, म्हणून मेसेज वाटेतच अडवला गेला. रिपोर्ट उघडून पाहिला असता तर त्याच संध्याकाळी कळलं असतं. त्या दिवसापासून आम्ही जे शिकलो ते आज सगळ्यांसमोर मांडतो. इतर सोसायट्यांनाही उपयोग होईल.

ही सेवा म्हणजे काय?

आपल्या ऑफिसात मेसेज पाठवायचं कुठलं मशीन नाही. एका कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर आपलं खातं आहे. इंटरनेटवरून तिथे लॉगिन करायचं, सभासदांची यादी निवडायची, की एसएमएस किंवा रेकॉर्ड केलेला कॉल सगळ्यांना जातो. यालाच क्लाउड सेवा म्हणतात. सोय मोठी आहे, पण मशीन डोळ्यांसमोर नसल्यामुळे बिघाड, चोरी आणि खर्च तिन्ही दिसत नाहीत. ते मुद्दाम बघावे लागतात.

१. मेसेज पोचला का?

रिपोर्टमधले शब्द नीट समजून घ्या.

• सबमिटेड : आपण कंपनीच्या हातात दिला. एवढंच.
• डिलिव्हर्ड : सभासदाच्या फोनपर्यंत पोचला. वाचला की नाही ते यातून कळत नाही.
• ॲबसेंट : फोन बंद किंवा रेंजच्या बाहेर.
• फेल्ड किंवा रिजेक्टेड : गेलाच नाही. शेजारी कारण लिहिलेलं असतं, ते वाचा.

सोसायटीला, दुकानदाराला, कोणालाही असे मेसेज पाठवायचे तर ट्रायच्या नियमाप्रमाणे संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी नोंदणी लागते. तारीख, वेळ अशा बदलत्या जागा साच्यात आधीच ठेवाव्या लागतात. बाकी मजकूर जसाच्या तसा पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकसुद्धा आधी नोंदवावी लागते, नाहीतर मेसेज अडतो. म्हणून १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीतच सगळे साचे मंजूर करून, चाचणी मेसेज पाठवून मोकळं व्हायचं. वादळ आल्यावर साचा शोधत बसायचं नाही.

वेळही बघा. चार वाजता सोडलेला मेसेज रात्री नऊला पोचला तर रिपोर्टात तो 'डिलिव्हर्ड'च दिसतो, पण बोटीला त्याचा काय उपयोग? आम्ही आता इशारा सोडल्यावर दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने असा दोनदा रिपोर्ट बघतो. ज्यांना पोचला नाही त्यांना फोन करतो.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या ट्रॉलरवर ओडिशा, झारखंड, आंध्रचे खलाशी असतात. त्यांना मराठी मेसेज वाचता येत नाही. त्यांच्यासाठी हिंदीत रेकॉर्ड केलेला कॉल ठेवला आहे. शेवटी 'समजलं असेल तर १ दाबा' असं सांगतो. ज्यांनी १ दाबलं तेवढेच आम्ही पक्के धरतो.

२. खात्याची चावी कोणाकडे आहे?

आमच्याकडे एकच पासवर्ड चौघांना ठाऊक होता. त्यातला एक जण नोकरी सोडून गेला तरी पासवर्ड तोच. हे म्हणजे बोट विकून इंजिनाची चावी खिशात ठेवण्यासारखं. आता असं केलंय :

• प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. काम सोडलं की त्याच दिवशी बंद.
• लॉगिनला पासवर्डबरोबर ओटीपी लागतो. तो ऑफिसच्या नंबरवर येतो, कोणाच्या खासगी नंबरवर नाही.
• ॲप बनवणाऱ्याला दिलेली 'एपीआय की' म्हणजे खात्याची दुसरी चावी. ती कोणाच्या हाती लागली तर तो आपल्या पैशांवर आपल्या नावाने मेसेज सोडू शकतो. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही आणि अधूनमधून बदलायची.
• परदेशी नंबरांवर मेसेज आणि कॉल पाठवणं बंद. आपले सभासद इथेच आहेत. चोरटे मात्र चोरलेल्या खात्यातून महागड्या परदेशी नंबरांवरच कॉल लावतात.
• सभासदांच्या नंबरांची यादी ग्रुपवर टाकायची नाही.

३. पैसे कुठे जातात?

इथे आम्हाला सर्वात मोठा धक्का बसला. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा एक धरतात. देवनागरीत एक एसएमएस फक्त ७० अक्षरांचा. त्याहून लांब झाला की ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षराचा हलन्त हे सगळं वेगळं मोजतात. 'मच्छीमार' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, मशीन तो आठ मोजतं.

समजा २०० सभासद आहेत आणि मेसेज १५० अक्षरांचा. त्याचे तीन तुकडे, म्हणजे ६०० मेसेजचं बिल. ७१ अक्षरं झाली तरी दोन तुकडे, दुप्पट पैसे. आमचा जुना इशारा 'सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की' असा सुरू व्हायचा. आता असा आहे :

"सावधान. उद्या वादळी वारा. दर्यात जाऊ नका. बोटी परत आणा. संस्था"

जागा धरून ६२ अक्षरं. एका तुकड्यात बसतो आणि घाईत वाचायलाही सोपा.

आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, बंद पडलेले नंबर यादीतून काढा. पोचला नाही तरी पैसे कापले जातात का, ते करारात बघा. दुसरी, कॉलची पल्स किती सेकंदांची आहे ते विचारा. ३० सेकंदांची पल्स असेल तर ३२ सेकंदांच्या कॉलला दोन पल्स लागतात. दोन सेकंद कमी बोला. तिसरी, खात्यातली शिल्लक. शिल्लक संपली की इशारा जाणारच नाही. म्हणून शिल्लक कमी झाल्याचा अलर्ट चालू ठेवा आणि एका दिवसात किती खर्च होऊ शकतो त्याची मर्यादाही घाला.

आमची सोमवारची वही

दर सोमवारी एका पानावर पाच ओळी लिहितो : किती मेसेज सोडले, किती पोचले, न पोचलेल्यांची नावं, कोणी लॉगिन केलं, किती पैसे गेले. मागच्या आठवड्याशी ताडून बघतो. मेसेज तेवढेच आणि पैसे जास्त, किंवा रात्री दोन वाजता लॉगिन, असं दिसलं की लगेच कंपनीला विचारायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. वही ऑफिसात ठेवली आहे, कोणाही सभासदाने येऊन बघावी.

सभासदांनी काय करायचं?

• नंबर बदलला की त्याच आठवड्यात ऑफिसात सांगा. घरचा एक दुसरा नंबरही द्या. बोट दर्यात असली तर घरच्यांना मेसेज मिळेल आणि ते मालकाला सांगतील.
• सोसायटी मेसेजवरून ओटीपी, एटीएम पिन किंवा बँकेची माहिती कधीच मागत नाही. डिझेल सबसिडीच्या नावाने लिंक किंवा ॲप आलं तर उघडू नका, आधी ऑफिसात फोन करा. २०२५ पासून नोंदणी केलेल्या मेसेजच्या नावापुढे पी, एस, टी किंवा जी हे इंग्रजी अक्षर असतं. जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे जाहिरात. साध्या दहा आकडी नंबरावरून 'खात्याचा मेसेज' आला तर संशय घ्या. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.
• खोल दर्यात मोबाईलची रेंज नसते. तिथे आमची कितीही चांगली सेवा पोचणार नाही. म्हणून निघण्याआधी तांडेलाने हवामान बघायचंच, व्हीएचएफ चॅनल १६ चालू ठेवायचा, आणि संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर घरच्यांनाही पाठ पाहिजे.

येत्या आठवड्यात आम्ही एक चाचणी मेसेज सोडणार आहोत. ज्यांना तो मिळणार नाही त्यांनी लाजू नका, रागावू नका, ऑफिसात येऊन सांगा. वाऱ्याच्या दिवशी कळण्यापेक्षा शांत दिवशी कळलेलं बरं.

आपले,
सेक्रेटरी व कार्यकारी मंडळ