मैदानाचा भूखंड वाचवायचा कसा?

प्रश्न : द्रोणागिरीतील आमच्या सेक्टरमधले मैदान दुसऱ्या वापरासाठी जाणार, अशी चर्चा आहे. रहिवाशांनी काय करावे?

उत्तर : नुसत्या चर्चेवर विसंबू नका. माहिती अधिकारात सिडकोकडून मंजूर आराखडा आणि भूखंडाचा नोंदलेला वापर मागवा. उत्तराची मुदत ३० दिवस. आरक्षण बदलायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ३७ नुसार जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. सूचना निघाल्यापासून महिन्याभरात घरटी लेखी हरकत द्या, पोच घ्या. असे निर्णय फिरतातही : नवी मुंबईतल्या घणसोलीचे क्रीडासंकुल माणगावला हलवण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. आणि तुमच्या उरण परिसरातली माणसे तर १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात जासई-दास्तानला पाच जीव गमावूनही हटली नाहीत. प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना त्या लढ्यातून आली. तुम्ही उद्याच अर्ज टाका.